वरचं सभागृह मोडलं तर कायदा तपासणार कोण? आंध्रचं प्रकरण, अमळनेरच्या बैठकीत

विधान परिषद हवी कशाला, हा प्रश्न आपल्याकडे निवडणूक लागली की निघतो. विधानसभेला पडलेला कोणी मागच्या दाराने आमदार झाला की पेपरात पत्रं येतात, ‘हा पांढरा हत्ती किती दिवस पोसायचा?’ आठवडाभरात विषय थंड होतो. अमळनेरच्या आमच्या अभ्यास मंडळात या वेळी तो थंड होऊ द्यायचा नाही असं ठरलं. मंडळ म्हणजे फार मोठं प्रस्थ नाही. स्पर्धा परीक्षा देणारी पोरं, दोन-तीन शिक्षक, एक वकील आणि नगरपालिकेत दोन टर्म काढलेले आप्पा. नुसती मतं मांडत बसायचं नाही, एकच प्रकरण घ्यायचं, तारखांसकट सोडवायचं आणि मग काय ते बोलायचं, एवढीच अट होती.

आम्ही निवडलं आंध्र प्रदेशचं प्रकरण, जानेवारी २०२० ते नोव्हेंबर २०२१. तिथल्या विधान परिषदेने सरकारचं लाडकं विधेयक खरोखर अडवलं, आणि पाच दिवसांत तिलाच मोडीत काढायचा ठराव विधानसभेत झाला. वरचं सभागृह गेल्याने कायद्याची तपासणी दुबळी होते का, हा पुस्तकी प्रश्न तिथे एका आठवड्यात रस्त्यावर आला. अशी दुसरी घटना आपल्या देशात मला तरी आठवत नाही.

आधी कलमं, मग भांडण

राज्यसभा आणि विधान परिषद यांना लोक एकाच मापाने मोजतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. राज्यसभेने साधं विधेयक फेटाळलं तर तोडगा म्हणून दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक आहे. घटनादुरुस्तीला तर तीही वाट नाही, राज्यसभा नाही म्हणाली की संपलं. राज्यात संयुक्त बैठकच नाही. कलम १९७ सांगतं की विधानसभेने पाठवलेलं विधेयक परिषदेने फेटाळलं, तीन महिने तसंच ठेवलं किंवा विधानसभेला मान्य नसलेल्या दुरुस्त्या घातल्या, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करू शकते. दुसऱ्या फेरीत परिषदेला मिळतो एक महिना. तो उलटला की विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं असं धरलं जातं आणि फाइल राज्यपालांकडे जाते. कर आणि सरकारी खर्चाचं धन विधेयक असेल तर सगळी मिळून चौदा दिवसांची मुदत. थोडक्यात, परिषदेच्या हातात नकार नाही, उशीर आहे.

बरखास्तीचं कलम १६९. विधानसभेने एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतांनी ठराव करायचा, मग संसदेने साधा कायदा करायचा. ती घटनादुरुस्ती धरली जात नाही. परिषदेला मात्र स्वतःच्या मरणावर मत देण्याची सोय नाही. ज्याचं काम तपासायचं, तोच तपासनिसाला घरी पाठवण्याची सुरुवात करू शकतो. मधे अडसर आहे तो फक्त दिल्लीचा, आणि आंध्रात शेवटी तोच कामी आला.

जानेवारीतला आठवडा

राज्याचं विभाजन झाल्यावर चंद्राबाबू नायडूंच्या तेलुगू देसम सरकारने अमरावतीला राजधानी बांधायला घेतली. पायाभरणी २२ ऑक्टोबर २०१५ ला झाली. जमीन सक्तीने संपादन न करता लँड पूलिंगने गोळा केली. शेतकऱ्याने जमीन द्यायची, बदल्यात विकसित भूखंड घ्यायचा, आणि दहा वर्षं वार्षिक भरपाई. कोरडवाहूला एकरी ३० हजार, बागायतीला ५० हजार, दरसाल वाढत जाणारी. अशी ३३ हजार एकरांहून जास्त जमीन जमली.

मे २०१९ मध्ये जगन मोहन रेड्डींचा वायएसआर काँग्रेस पक्ष १७५ पैकी १५१ जागा घेऊन आला. डिसेंबरात जगन यांनी तीन राजधान्यांची कल्पना विधानसभेत मांडली: कारभार विशाखापट्टणमला, विधिमंडळ अमरावतीत, उच्च न्यायालय कर्नूलला. २० जानेवारी २०२० ला खास अधिवेशन बोलावलं आणि दोन्ही विधेयकं त्याच रात्री उशिरा विधानसभेत मंजूर झाली. एक विकेंद्रीकरणाचं, दुसरं अमरावतीचं प्राधिकरण गुंडाळण्याचं. राज्याची राजधानी हलवण्याचा निर्णय, आणि त्यावर निवडून आलेल्या सभागृहाने दिला एक दिवस. फळ्यावर तारखा लिहिणारा चोपड्याचा विद्यार्थी इथे थांबला आणि म्हणाला, “सर, आमच्या ग्रामपंचायतीत गाळ्याच्या लिलावाला यापेक्षा जास्त वेळ लागतो.”

परिषद होती ५८ जणांची आणि तिथे सरकारी पक्षाचे अवघे नऊ. बहुमत तेलुगू देसमचं. २१ तारखेला तेलुगू देसमने नियम ७१ खाली सरकारी धोरणाविरुद्ध प्रस्ताव आणला. २२ तारखेला सभापती एम. ए. शरीफ यांनी आपल्या अधिकारात दोन्ही विधेयकं प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक बारकाईने तपासायला नेमायच्या सदस्यांच्या समितीकडे, धाडली. २७ जानेवारीला विधानसभेने परिषद बरखास्तीचा ठराव १३३ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. तेलुगू देसमने त्या दिवशी बहिष्कार घातला होता.

मुख्यमंत्र्यांचं म्हणणं असं की परिषदेवर वर्षाला साठेक कोटी खर्च होतात आणि ती लोकांनी दिलेल्या कौलाच्या आड येते. साठ कोटी ऐकायला मोठे वाटतात. त्या वर्षीचा राज्याचा अर्थसंकल्प सव्वादोन लाख कोटींच्या पुढे होता, म्हणजे दहा हजार रुपयांत तीन रुपयेही नाहीत. खर्चाचा मुद्दा आम्ही तिथेच सोडला. त्यात काही दम नाही, महाराष्ट्रातही नाही.

समिती बसलीच नाही

आता प्रकरणाचा गाभा, आणि परिषदेच्या बाजूने बोलणारे नेमका जो भाग गाळतात तो. विधेयकं प्रवर समितीकडे गेली खरी, पण समिती स्थापनच झाली नाही. विधिमंडळ सचिवांनी नियमांवर बोट ठेवून फाइल परत पाठवली. म्हणजे परिषदेने वेळ मिळवला, पण त्या वेळात एका शेतकऱ्याची साक्ष झाली नाही, एका अधिकाऱ्याला प्रश्न विचारला गेला नाही, एक पानाचा अहवाल आला नाही.

पुढे १६ जून २०२० ला विधानसभेने तीच विधेयकं पुन्हा मंजूर केली. दुसऱ्या दिवशी परिषदेत गोंधळ, रेटारेटी, आणि बैठक अनिश्चित काळासाठी तहकूब. राजधानीची विधेयकं राहिलीच, पण विनियोजन विधेयकही, म्हणजे सरकारी खर्चाला परवानगी देणारं धन विधेयक, मंजूर न होता लटकलं. चौदा दिवस भरेपर्यंत तिजोरीतून पैसे काढण्याची पंचाईत झाली आणि सरकारी पगार लांबले. पगाराचं नाव निघाल्यावर आमच्याकडची शिक्षक मंडळी, जी तोवर परिषदेच्या बाजूने होती, जरा गप्प झाली. राजधानी अडवण्याच्या भांडणात पगाराचं विधेयक अडकवणं ही तपासणी नव्हे, हे कबूल करावंच लागलं.

एक महिना सरला आणि ३१ जुलैला राज्यपालांची सही झाली. पहिल्या मंजुरीपासून सहीपर्यंत सहा महिने आणि काही दिवस. ऑगस्टच्या सुरुवातीलाच उच्च न्यायालयाने ‘जैसे थे’ आदेश दिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने स्वतःच दोन्ही कायदे मागे घेतले. आणि ३ मार्च २०२२ ला उच्च न्यायालयाने सांगितलं की राजधानी बदलण्याचा कायदा करण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला नाही, आणि ज्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या त्यांच्याशी झालेला करार सरकारला पाळावा लागेल. बांधकामाच्या मुदतींना सर्वोच्च न्यायालयाने नंतर स्थगिती दिली, तो भाग वेगळा. २०२४ मध्ये नायडू परत आले आणि अमरावतीचं काम पुन्हा सुरू झालं.

न्यायालयाने जे दोन प्रश्न तपासले ते डोळ्यांपुढे ठेवा. विधिमंडळाला हा अधिकार आहे का? आणि जमीन देणाऱ्याला दिलेल्या शब्दाचं काय? यातला एकही प्रश्न न्यायाधीशालाच सुचावा असा नाही. जानेवारी २०२० मध्ये प्रवर समिती बसली असती तर पहिल्या दोन बैठकांत हेच दोन प्रश्न निघाले असते. महाधिवक्त्याला बोलावलं असतं, राज्य विभागणारा पुनर्रचना कायदा समोर ठेवला असता, आणि लँड पूलिंगचा करारनामा वाचून दाखवला असता. राज्याची दोन वर्षं वाचली असती.

दुसरा प्रश्न आमच्या भागाला समजावून सांगावा लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावकडची ३३ गावं सरदार सरोवरात गेली. बदल्यात मिळालेली जमीन कुठे, कशी, कोणाच्या नावावर, हे किती वर्षं चाललं ते तळोदा-शहाद्याच्या कोणालाही विचारा. बैठकीत तळोद्याकडचे एक सर होते. त्यांनी एवढंच विचारलं, “समिती बसली असती, तर तिच्यापुढे जमीन दिलेला माणूस गेला असता का, की फक्त आमदारच एकमेकांशी बोलले असते?” उत्तर कोणाकडे नव्हतं, पण प्रश्न अचूक होता. तपासणी म्हणजे आमदारांच्या दुसऱ्या टोळीने तेच भाषण करणं नव्हे. ज्याच्यावर कायदा आदळणार आहे त्याला सभागृहाच्या कागदावर बोलता येणं, ही तपासणी.

आप्पांचा आक्षेप

आप्पांना सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट ठळक दिसली, आणि ती त्यांनी आपल्या अहिराणीत सांगितली: “चायन्या दोन शेतस, पन भोकं एकच मापना शेतस. दुसरीमा काय अडकी?” म्हणजे चाळण्या दोन आहेत, पण भोकं एकाच मापाची, मग दुसरीत काय अडकणार?

आंध्रात दुसऱ्या चाळणीची भोकं वेगळी होती म्हणूनच काही अडकलं. परिषद एकदम बदलत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्यामुळे २०१९ ला विधानसभा पूर्ण उलटली तरी परिषदेत जुन्या मतदानाचं बहुमत शिल्लक राहिलं. हे काही ज्ञानी, निःपक्ष मंडळ नव्हतं. तेलुगू देसमचे सदस्य आपल्या नेत्याचा प्रकल्प राखत होते, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसावी. तरीही सरकारला तोंड द्यावं लागलं ते त्यांनाच. हेतू पक्षाचा होता, फायदा काही प्रमाणात सगळ्यांचा झाला. लोकशाहीत बरीचशी तपासणी अशीच होते. शुद्ध हेतूची वाट पाहत बसलो तर एकही विधेयक तपासून होणार नाही.

मग निवृत्ती आणि निवडणुकांच्या चक्रात परिषदेत सरकारी पक्षाचं बहुमत झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये सभापतीही त्यांचाच आला. आणि २३ नोव्हेंबर २०२१ ला विधानसभेने बरखास्तीचा आधीचा ठराव मागे घेतला. संसदेने तोवर काही केलंच नव्हतं, म्हणून परिषद कायद्याने जिवंत होती. मंडळातले वकीलसाहेब सहसा फार बोलत नाहीत. इथे म्हणाले, “जानेवारी २०२० मध्ये जी परिषद उधळपट्टी होती, ती नोव्हेंबर २०२१ मध्ये काटकसर कशी झाली, याचं उत्तर कोणत्या ठरावात लिहिलंय का?”

आंध्रला हे नवं नव्हतं. १९८५ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या काळात तिथली परिषद गेली होती, २००७ मध्ये परत आली. तामिळनाडूत १९८६ मध्ये गेली. २०१० मध्ये ती पुन्हा आणण्याचा कायदा संसदेने केला, त्यावर सही झाली तेव्हा राष्ट्रपती होत्या आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील. २०११ मध्ये चेन्नईत सरकार बदललं आणि परिषद बसलीच नाही. परिषद ठेवायची की मोडायची हे आपल्याकडे तपासणीच्या गरजेवर कधीच ठरलेलं नाही, त्या वेळी तिथे बहुमत कोणाचं यावर ठरलं आहे. बरखास्तीच्या बाजूने कितीही चांगले मुद्दे असले तरी हा इतिहास बाजूला ठेवून ते ऐकता येत नाहीत.

मोडल्यावर काय होतं, त्याची दोन टोकं

सभागृह मोडून टाकलेल्या ठिकाणी पुढे काय झालं, हे पोरांनी शोधून आणलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने १९२२ मध्ये वरचं सभागृह रद्द केलं आणि त्याच्या जागी काहीच उभं केलं नाही. १९५७ पासून १९८९ पर्यंत एकाच बाजूची सरकारं राहिली. १९८७ मध्ये फिट्झगेराल्ड चौकशी सुरू झाली तेव्हा पोलीस खात्यापासून मंत्रिमंडळापर्यंतची कीड बाहेर आली, माजी पोलीस आयुक्त तुरुंगात गेला. १९८९ च्या चौकशी अहवालाने संसदीय समित्या मजबूत करायला सांगितलं. सभागृह मोडल्यापासून तोवर सहा दशकांहून जास्त काळ गेला होता.

न्यूझीलंडची गोष्ट उलटी. तिथलं वरचं सभागृह सरकारने नेमलेल्यांचं होतं आणि फारसं काही अडवत नव्हतं. १९५० मध्ये पंतप्रधान सिडनी हॉलंड यांनी ते मोडायलाच तयार असलेले सदस्य त्यात नेमले, लोकांनी त्यांना ‘आत्मघाती पथक’ नाव दिलं, आणि १९५१ च्या पहिल्या दिवसापासून सभागृह संपलं. त्यानंतर सरकारच्या हातात बेसुमार ताकद आली अशी तक्रार तिथे बरीच वर्षं चालली. फरक पडला तो पुढे. १९८० च्या दशकात समित्यांची घडी नव्याने बसली. बहुतेक विधेयकं समितीकडे जातात, कोणीही नागरिक लेखी म्हणणं देऊ शकतो, समोर जाऊन बोलू शकतो. १९९३ च्या सार्वमताने निवडणूक पद्धतही बदलली आणि १९९६ पासून एकाच पक्षाला सहज बहुमत मिळणं अवघड झालं. तिथेही घाईचा प्रस्ताव आणून समिती टाळता येते आणि सरकारं ते करतात. पण नेहमीची वाट समितीतून जाते.

आपल्या देशात केरळकडे बघा. तिथे विधान परिषद नाही. १९८० पासून विषय समित्या आहेत आणि विधेयकं त्यांच्याकडे जातात. वाचायला छान वाटतं, पण त्या समितीचा अध्यक्ष असतो त्या खात्याचा मंत्री. विधेयक आणणाराच तपासणीच्या खुर्चीत.

वरचं सभागृह गेल्याने तपासणी दुबळी होते का, याचं माझं उत्तर या तीन ठिकाणांतून बनलं आहे. सरकारच्या परवानगीवाचून विधेयक थांबवू शकणारं कोणी शिल्लक राहत नसेल, तर होते. आणि वरचं सभागृह असून तसं कोणी नसेल, तर ती आधीच दुबळी झालेली असते. आंध्रात थांबवणारा होता, थांबल्यावर तपासणारी समिती नव्हती. दोन्हींतली एकच गोष्ट असली की काय होतं, ते या प्रकरणात उघडं पडलं.

आता घरचं

महाराष्ट्राची परिषद ७८ जणांची. तिची चांगली बाजू सांगायची तर वि. स. पागे यांचं नाव पहिलं. परिषदेचे सभापती असताना त्यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली, १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला. दुष्काळात धुळे-नंदुरबारच्या किती घरांत त्यामुळे चूल पेटली ते जुन्या माणसांना माहीत आहे. वीस-पंचवीस वर्षं एखादा विषय धरून बसणारी माणसं परिषदेत असू शकतात, ही तिची खरी कमाई. आपल्या विदर्भातल्या अमरावती पदवीधर मतदारसंघाचे बी. टी. देशमुख सिंचनाच्या अनुशेषाच्या मागे असेच लागले होते.

विधेयकांपुरतं बोलायचं तर दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली. २०१६ मध्ये सार्वजनिक विद्यापीठ विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ त्याच कायद्यावर चालतं. तेव्हा सरकार भाजप-शिवसेनेचं होतं आणि परिषदेत संख्या विरोधकांची जास्त. सरकारने समितीची वाट धरली, हा मला योगायोग वाटत नाही.

दुसरं जनसुरक्षा विधेयक, बेकायदा कारवायांना आळा घालायचा म्हणून सरकारने आणलेलं. आदिवासी पट्ट्यात वनहक्काचे मोर्चे काढणाऱ्यांत त्याची चर्चा जास्त होती. जुलै २०२४ मध्ये आलं, बारगळलं, डिसेंबरात पुन्हा आलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. बारा हजारांवर सूचना आल्या. समितीतून तीन बदल घेऊन ते बाहेर पडलं: ‘व्यक्ती आणि संघटना’ या मोघम शब्दांऐवजी कडव्या डाव्या संघटनांपुरती भाषा आली, सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. हे बदल पुरेसे होते का यावर आमच्यात जोरदार वाद झाला, तो इथे मांडत नाही. मुद्दा वेगळा आहे. १० जुलै २०२५ ला विधानसभेने ते मंजूर केलं, ११ जुलैला परिषदेने. विरोधक सभात्याग करून बाहेर. जे काही बदललं ते समितीत बदललं. एका दिवसात परिषदेच्या चाळणीत काय अडकणार होतं?

भोकं एका मापाची आहेत एवढंच नाही, चाळणीच्या तळाचा काही भाग गेली काही वर्षं जागेवर नव्हता. राज्यपालनियुक्त बारा जागांसाठी नोव्हेंबर २०२० मध्ये नावं पाठवली गेली. त्या यादीवर शेवटपर्यंत निर्णय झालाच नाही, आणि पुढच्या सरकारच्या शिफारशीवरून ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जागा भरल्या. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ परिषदेला सभापतीच नव्हता, कारभार उपसभापतींनी हाकला. आणि जळगावची स्थानिक प्राधिकारी संस्थांची जागा डिसेंबर २०२२ मध्ये रिकामी झाली ती २०२५ संपेपर्यंत रिकामीच. कारण ज्यांनी मत द्यायचं ते नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यच उरले नव्हते. सगळीकडे प्रशासक बसलेले.

आप्पांनी अशी निवडणूक आतून पाहिलेली. मतदानाला जांभळ्या रंगाचं स्केच पेन तिथेच मिळतं, स्वतःचं चालत नाही, नावापुढे पसंतीचा आकडा टाकायचा. ते सगळं गंभीरपणे सांगून झाल्यावर म्हणाले, “पेन सरकारचं, पन आकडा टाकायच्या आधी चार दिवस सहल कोनाची, ते नका विचारू.” हशा झाला. मतदार काहीशे असले की त्यांना बसमध्ये बसवणं सोपं असतं, हे परिषदेच्या रचनेतलं खरं दुखणं. सरपंचाला आणि ग्रामपंचायत सदस्याला तर या मतदारसंघात मतच नाही.

पारोळ्याच्या ताई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतात. शिक्षक मतदारसंघात आपल्याला मत नाही, तो माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांसाठी आहे, हे त्यांना माहीत होतं. बाकी निम्म्या मंडळाला नव्हतं. “आम्ही पहिलीला अक्षर गिरवून घेतो, म्हणून शिक्षक नाही,” त्या म्हणाल्या.

बरखास्तीला माझा विरोध आहे, पण परिषदेच्या प्रेमापोटी नाही. प्रत्येक विधेयक आपोआप समितीकडे जाईल, समितीचा अध्यक्ष मंत्री नसेल, आणि लोकांना तिथे म्हणणं मांडायला ठरलेले दिवस मिळतील, हे तीन नियम विधानसभेच्या कामकाजात लिहिले गेले तर परिषद राहिली काय, गेली काय, मला फरक पडणार नाही. ते न लिहिता परिषद मोडली तर क्वीन्सलँड होईल. मुंबईच्या विधान भवनाकडे बघून वाटत नाही की हे नियम कोणी लवकर लिहील. तोवर ७८ जणांच्या त्या सभागृहात पक्षाचा व्हीप न मानणारा एखादा तरी अपक्ष असणं आपल्या फायद्याचं.

म्हणून बैठकीचा शेवटचा भाग कामाचा झाला. नाशिक पदवीधर मतदारसंघात नाशिक आणि अहिल्यानगरसोबत जळगाव, धुळे, नंदुरबार येतात. नेहमीच्या वेळापत्रकाने पुढची निवडणूक २०२९ च्या सुरुवातीला. मागच्या वेळी यादीत नाव होतं म्हणून या वेळी असेल असं नसतं. जुनी यादी रद्द होते आणि प्रत्येकाला नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना १८, नव्याने भरावा लागतो, पदवीच्या साक्षांकित प्रतीसह. पात्रता १ नोव्हेंबरला धरतात आणि त्या तारखेआधी पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. चोपड्याच्या विद्यार्थ्याने लगेच हिशेब केला. त्याचं तृतीय वर्ष आता चालू आहे, पदवी २०२६ मध्ये. म्हणजे २०२९ ला तो बसत नाही, पहिलं मत २०३५ ला. ताईंची पदवी जुनी आहे. त्यांनी नमुना १८ चा फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला.